माहितीचा ढीग आणि माहितीची कणगी

(ट्रस्टच्या रौप्यमहोत्सवी मेळाव्यात अथाल येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते व्यवसायाने शिक्षक आहेत.)



 अशा प्रसंगी थोरामोठ्यांनी बोलावे आणि आम्ही शिक्षकांनी ऐकावे, अशी रीत आहे. परंतु चिटणीसांनी आग्रह धरला आणि विषयही त्यांनीच सुचविला. नोकरीधंद्यात नव्या यंत्रसाधनांच्या मदतीने माहिती एकमेकांना कशी पोहोचवावी आणि हवी तेव्हा ती कशी शोधावी, हा तो विषय. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्यापैकी प्रत्येकाच्या रोजच्या भाकरीशी त्याचा संबंध आहे, म्हणून थोडा वेळ कान द्यावा, अशी विनंती करतो.

आपला हा अथाल आणि सिल्वासाचा परिसर पाहा. २ ऑगस्ट १९५४ रोजी हा मुलूख पोर्तुगीजांच्या अमलातून मुक्त झाला, ११ ऑगस्ट १९६१ पासून तो भारतीय संघराज्याचा भाग झाला आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह त्याचा एकच केंद्रशासित प्रदेश झाला. ज्यांच्या आजोबांनी येथे केवळ भातशेती आणि जंगल पाहिले, त्यांचे नातू आज कारखान्यांच्या पाळ्यांवर जातात. एकाच यंत्रावर गुजराती, मराठी, वारली, हिंदी, भोजपुरी आणि ओडिया बोलणारी माणसे शेजारी शेजारी उभी असतात. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. दवंडी पिटून गावाला बातमी देण्याचे दिवस गेले. आता बातमी बसल्या जागी येते, आणि एक नव्हे तर दिवसाला शंभर येतात.

मग अडचण ती काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे अडचण अशी की, माहिती उदंड झाली आणि ती सापडणे मात्र दुर्मिळ झाले. शेतकरी मंडळींना हे उदाहरण देऊन सांगतो. खळ्यावर भाताचा ढीग पडला म्हणजे वर्षाची बेगमी झाली असे कोणी मानत नाही. तो वारवून, सुकवून, मापून कणगीत भरावा लागतो. बियाण्याचे भात वेगळे आणि खाण्याचे वेगळे ठेवावे लागते. तसे न केले तर पहिला पाऊस आणि उंदीर त्याचा निकाल लावतात. आपल्या मोबाइलमध्ये आज माहितीचा ढीग आहे, कणगी नाही. ही कणगी कशी विणावी, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

पूर्वीच्या कचेऱ्यांत एखादे जुने कारकून असत. कोणता कागद कोणत्या कपाटात, कोणत्या गठ्ठ्यात आहे, हे त्यांना तोंडपाठ असे. साहेबसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय पाऊल टाकीत नसत. त्यांची स्मरणशक्ती थोर खरी, परंतु ते रजेवर गेले की कचेरी आंधळी होई आणि निवृत्त झाले की कायमची आंधळी होई. माहिती एका माणसाच्या डोक्यात असणे, ही संस्थेच्या दृष्टीने श्रीमंती नव्हे. ती त्या माणसाची श्रीमंती. ती संस्थेची तेव्हा होते, जेव्हा काल आलेला नवखा मुलगाही कोणाला न विचारता ती काढू शकतो.

ही गोष्ट केवळ सोयीची आहे असे कोणी समजू नये. कित्येकदा ती जिवाची असते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या रात्री रुग्णालयांत माणसांची रीघ लागली, पण वायू कोणता, त्यावर उपचार कोणता, याची पुरेशी माहिती डॉक्टरांच्या हाती नव्हती. कारखान्याबाहेरच्या वस्तीला तर काय करावे आणि कोणीकडे पळावे, हेही कोणी आधी सांगून ठेवले नव्हते. या भीषण अनुभवानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. धोकादायक पदार्थांची आणि त्यांपासून बचाव करण्याच्या उपायांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले.

कायदा झाला, हे उत्तमच झाले. परंतु आपल्यापैकी जे बंधू रात्रपाळीला जातात, त्यांनी स्वतःच्या मनाला विचारावे. ज्या पिंपाजवळ आपण उभे असतो, ते गळू लागले तर पहिल्या मिनिटात काय करावयाचे, हे आपणास ठाऊक आहे काय? ते लिहिलेले पत्रक असेल. पण ते इंग्रजीत, कचेरीच्या कपाटात असेल आणि कपाटाची किल्ली दिवसपाळीच्या माणसाकडे असेल, तर ती माहिती असून नसल्यासारखीच. म्हणून पहिला नियम असा बांधावा की, माहिती जेथे लागते तेथेच असावी आणि ज्याला ती लागते त्याच्या भाषेत असावी.

हा नियम एका जपानी माणसाने फार सुंदर रीतीने अमलात आणला. त्याची गोष्ट कारखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखी आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर, चहाच्या टपरीवर, पैसे देण्यासाठी आपण ज्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाचा फोटो काढतो, तो क्यूआर कोड मुळात पैशांसाठी निघालेलाच नाही. तो निघाला कामगारांचे श्रम वाचावेत म्हणून. जपानात डेन्सो ही मोटारींचे सुटे भाग बनविणारी कंपनी आहे. तेथे प्रत्येक खोक्यावर उभ्या रेघांची पट्टी, म्हणजे बारकोड, चिकटवीत असत. अशा एका पट्टीत जेमतेम वीस अक्षरे मावत. त्यामुळे एकेका खोक्यावर अनेक पट्ट्या लावाव्या लागत आणि कामगारांना दिवसभर एकामागून एक पट्टी वाचीत बसावे लागे. कामगारांनी तक्रार केली. ती तक्रार मासाहिरो हारा नावाच्या अभियंत्याने कानाआड केली नाही.

हारा यांना दुपारच्या सुट्टीत गो नावाचा पटावरचा खेळ खेळण्याची आवड होती. त्या पटावर काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या आडव्या-उभ्या ओळींत मांडलेल्या असतात. त्या पाहून त्यांच्या मनात आले की, माहिती एकाच दिशेने रेघांत मांडण्याऐवजी आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांनी मांडली, तर लहान जागेत पुष्कळ मावेल. १९९४ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यूआर कोड सिद्ध केला. त्यात सुमारे ७,००० अंक मावतात. त्याच्या तीन कोपऱ्यांत तीन मोठे चौकोन दिसतात ना, त्यांच्यावरून यंत्राला खूण कोठे आहे आणि कोणत्या बाजूने आहे, हे तत्काळ कळते. त्या चौकोनांतील काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण ठरविण्यासाठी त्यांनी मासिके, जाहिराती, खोक्यांवरची छपाई असे ढीगभर छापील साहित्य तपासले आणि छपाईत जे प्रमाण सर्वांत कमी आढळते, तेच निवडले. हेतू हा की, यंत्राची गफलत होऊ नये. शिवाय कारखान्यात तेल लागते, कागद फाटतो, म्हणून खुणेचा सुमारे ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी ती वाचता यावी, अशी तजवीज केली.

या कथेतील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग पुढेच आहे. कंपनीजवळ या शोधाचे पेटंट होते. तिने मनात आणले असते तर जगातून कर वसूल केला असता. पण ठरविलेल्या प्रमाणानुसार कोड वापरणाऱ्यांवर आपण हा हक्क बजावणार नाही, असे तिने जाहीर केले. म्हणूनच तो आज सिल्वासाच्या बाजारात आणि दापाड्याच्या पाड्यावरही फुकट पोहोचला आहे. वाटल्याने विद्या वाढते, असे आपण मुलांना शिकवितो. त्याचे यापेक्षा रोखठोक उदाहरण मला माहीत नाही.

आता हाच चौकोन कारखान्यातून शाळेत कसा आला, ते पाहा. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे छोटे गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत रणजितसिंह डिसले हे शिक्षक २००९ साली रुजू झाले. शाळेची इमारत पडकी होती, पटावरची मुले वर्गात टिकत नव्हती. डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड लावले. मुलाने घरच्या मोबाइलने तो वाचला की त्या धड्याची कविता ऐकू येई, चित्रफीत दिसे, स्वाध्याय समोर येई. म्हणजे ज्या पानावर मूल अडते, त्याच पानावर त्याचे उत्तर. २०१७ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचे धोरण स्वीकारले. त्याच वर्षी केंद्र सरकारने दीक्षा नावाचे, शिक्षकांसाठी व विद्यार्थ्यांसाठी असलेले संगणकीय दालनही सुरू केले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटून दिली. तेव्हा माझ्यासारख्या खेडेगावातील शिक्षकाची मान किती ताठ झाली असेल, याची कल्पना आपण करावी.

परंतु यंत्र आणले म्हणजे काम झाले, असे मानण्याची एक खोड आपल्याला आहे. तिच्यावर उतारा म्हणून वारणेची हकीगत सांगतो. कोल्हापूर जिल्ह्यात वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभारला आणि साऱ्या वारणा खोऱ्याचा कायापालट केला. १९९८ साली तेथे मोठ्या अपेक्षेने एक सरकारी प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी संगणकांची केंद्रे बसवावयाची आणि शेतकऱ्याला बाजारभाव, शेतीचा सल्ला, सरकारी दाखले, सर्व काही गावातच मिळवून द्यावयाचे, असा बेत होता. हेतू उदात्त होता. प्रत्यक्षात काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले, तेव्हा असे दिसले की त्या संगणकांचा उपयोग मुख्यतः कारखान्याच्याच कामाला होत होता. माझा ऊस किती टन भरला, माझ्या नावावर किती रक्कम जमा झाली, माझे खत किती निघाले, हे शेतकरी विचारीत होता.

पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन संस्थेतील मंडळींनी काही गावांत प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि तीच माहिती छोट्या संदेशाने, म्हणजे एसएमएसने, मिळू लागली. काम भागले, खर्च कमी झाला आणि विजेची रडकथाही संपली. यावरून मी दुसरा नियम काढतो. माहितीची व्यवस्था करताना देणाऱ्याने आपल्याला काय सांगावेसे वाटते याचा विचार मागे ठेवावा आणि घेणारा काय विचारतो, ते आधी कान देऊन ऐकावे. त्याच्या प्रश्नाला साध्या मोबाइलने उत्तर मिळत असेल, तर महागडे यंत्र घेण्याचे कारण नाही.

आता घरच्या अनुभवाकडे वळतो. हल्ली प्रत्येक शाळेचा, कारखान्याचा, मंडळाचा व्हॉट्सअॅपवर गट असतो. माझ्या माहितीतील एका शाळेत शिष्यवृत्तीच्या अर्जाची सूचना अशाच गटावर दुपारी टाकली गेली. सूचना म्हणजे परिपत्रकाचा मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो. त्यानंतर सणाच्या शुभेच्छा आल्या, फुलांची चित्रे आली, कोणाच्या वाढदिवसाची अभिनंदने आली. एका आदिवासी मुलीचा बाप रात्रपाळीचा कामगार. त्याने सकाळी मोबाइल उघडला तो पन्नासएक संदेश त्याच्या डोळ्यांपुढून सरकले. आईला वाचता येत नव्हते. मुदत टळून गेली. मुलगी वर्गात पहिल्या पाचांत होती. तिची त्या वर्षाची शिष्यवृत्ती गेली आणि पुढच्या इयत्तेच्या पुस्तकांसाठी बापाला उचल घ्यावी लागली. सूचना दिली होती काय? होय, दिली होती. पोहोचली होती काय? त्याच्या मोबाइलपर्यंत पोहोचली होती. तरीही ती मिळाली नाही.

या प्रसंगातून घ्यावयाचा धडा कोणालाही अवघड नाही. कामाचा गट आणि गप्पांचा गट वेगळे ठेवावेत. कामाच्या गटावर एका संदेशात एकच विषय असावा आणि पहिल्या ओळीत शेवटची तारीख असावी. परिपत्रकाचा फोटो टाकावयाचा असेल तर खुशाल टाकावा, परंतु त्याखाली दोन ओळी हाताने टंकून लिहाव्यात. फोटोतील अक्षरे माणसाला दिसतात, पण गटात शब्द टाकून शोधू लागल्यास ती सापडतीलच, असा भरवसा नसतो. टंकलेला शब्द मात्र सहा महिन्यांनीही हाती लागतो. ज्या सूचना महिनोन्‌महिने लागतात, त्या गटाच्या प्रवाहात सोडून देऊ नयेत. त्यांच्यासाठी एक कायमची जागा असावी, मग ती संगणकातील फाइल असो की भिंतीवरचा फलक असो. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग विषय लिहावा. ‘नवीन’, ‘शेवटचे’, ‘अगदी शेवटचे’ अशी नावे देऊ नयेत. अशा नावांच्या चार फाइली संगणकात शेजारी शेजारी बसलेल्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांतील खरी कोणती, हे सांगणारा मनुष्य बदलून दुसऱ्या गावी गेलेला होता.

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्वी संगणकावर मराठी लिहिण्यासाठी निरनिराळ्या कंपन्यांचे निरनिराळे फाँट असत. एकाने लिहिलेले दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की अक्षरांचा नुसता काला दिसे. युनिकोड नावाच्या जागतिक व्यवस्थेत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला जागा आहे. तीत लिहिलेला मराठी मजकूर कोणत्याही संगणकावर, मोबाइलवर वाचता येतो आणि मुख्य म्हणजे शोधता येतो. मराठी विश्वकोशासारखा प्रचंड ग्रंथ आज आपण घरबसल्या शब्द टाकून पाहू शकतो, तो याच व्यवस्थेच्या आधारे. आपल्या ट्रस्टच्या जुन्या याद्या जुन्या फाँटमध्ये असतील, तर त्या आताच युनिकोडमध्ये उतरवून घ्याव्यात. आणखी काही वर्षांनी त्या वाचणारे यंत्रही सापडणार नाही.

याच ओघात नावांविषयी बोलतो, कारण आम्हा हजेरीपट लिहिणाऱ्यांना त्याचा त्रास नित्याचा आहे. आपल्या समाजात मोहम्मद हे नाव घरोघरी. शाळेच्या दाखल्यावर ते मोहम्मद, जन्माच्या दाखल्यावर महंमद, आधार कार्डावर मुहम्मद, आणि बँकेत नुसते ‘मो.’ आणि पुढे टिंब. माणसाला हे चारही एकच आहेत हे कळते. संगणकाला कळत नाही. त्याच्या लेखी ही चार माणसे झाली. वारली आणि कोकणा बांधवांच्या मुलांचीही हीच गत. घरी एक नाव, शाळेत लिहिणाऱ्याच्या कानाला ऐकू आले ते दुसरे. हल्ली शिष्यवृत्तीचे पैसे थेट बँकेत जमा होतात, आणि नाव जुळले नाही म्हणून ते अडकून राहतात. म्हणून मातापित्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. मुलाला पहिलीत घालण्यापूर्वी त्याचे नाव एकदा ठरवा, मराठीत व इंग्रजीत कागदावर लिहा आणि तोच कागद जाल तेथे दाखवा. संगणकाच्या युगात हा कागदाचा तुकडा मुलाच्या पुष्कळ कामी येईल.

येथवर मी माहिती पोहोचावी कशी आणि सापडावी कशी, हे सांगितले. पण जी सापडली, ती खरी आहे काय? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजारासाठी माणसे जमली होती. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. त्या अफवेपायी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ निरपराध भिक्षुकांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घालण्यास सुरुवात केली. मर्यादा यंत्रात घालता येते. विवेक मात्र माणसातच असावा लागतो.

आमच्या परंपरेत पैगंबरसाहेबांची वचने संकलित करताना विद्वानांनी जो दंडक पाळला, तो मला येथे आठवतो. वचनाबरोबर ते कोणी कोणाकडून ऐकले, याची संपूर्ण साखळी, म्हणजे सनद, लिहिली जाई. साखळीतील एकेका माणसाची सचोटी आणि स्मरणशक्ती पारखली जाई. इमाम बुखारी यांनी नवव्या शतकात या कामासाठी दूरदूरचे प्रवास केले. ज्याची साखळी तुटकी, ते वचन कितीही गोड असले तरी दुर्बल ठरे. आज आपल्या मोबाइलवर जे ‘पुढे पाठविलेले’ म्हणून येते, त्याला सनद असते काय? कोणी लिहिले, केव्हा लिहिले, मूळ परिपत्रक कोठे आहे, एवढे तीन प्रश्न विचारण्याची सवय लावली तर निम्मी खोटी माहिती आपल्या उंबरठ्यावरच अडेल. पगार, सुट्टी, परीक्षा, लस, कर्ज, यांविषयीची कोणतीही गोष्ट मूळ कागद पाहिल्याशिवाय पुढे ढकलू नये.

आणि सर्वच माहिती वाटावयाची नसते, हेही ध्यानात ठेवावे. मदतीसाठी अर्ज करणाऱ्या विधवेचे बँक खाते, मुलाचे आधार कार्ड, आजाऱ्याचा अहवाल, हे गटावर टाकणे म्हणजे एखाद्याची झोळी चव्हाट्यावर उपडी करणे होय. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आहे. त्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. कायदा नसता तरी गरजवंताची लाज राखणे, हा धर्मादाय संस्थेचा पहिला धर्म आहे. उजव्या हाताने दिले ते डाव्या हाताला कळू नये, असे आपले वाडवडील सांगत. मग ते दोनशे लोकांच्या गटाला कशासाठी कळावे?

अध्यक्ष महोदय, आता केवळ उपदेश करून खाली बसावे, हे मला बरे वाटत नाही. पंचवीस वर्षे या ट्रस्टने पुस्तके, फी, औषधोपचार अशी मदत केली. पुढील काळासाठी मी तीन नम्र सूचना मांडतो.

पहिली सूचना अशी की, ट्रस्टने एक माहिती-वही सुरू करावी. तीत विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या, कामगारांच्या हक्काच्या योजना, दाखले मिळण्याची ठिकाणे, लागणारे कागद आणि शेवटच्या तारखा विषयवार व अकारविल्हे नोंदवाव्यात. ही वही संगणकावर असावी आणि तिची छापील प्रत कचेरीत टांगलेली असावी. प्रत्येक नोंदीखाली ती कोठून घेतली आणि कोणत्या दिवशी तपासली, हे लिहावे. ज्या नोंदीला तारीख नाही, तिच्यावर कोणी विसंबू नये.

दुसरी सूचना अशी की, वही सांभाळण्याचे काम एकट्यावर सोपवू नये. दोघांवर सोपवावे, आणि त्यांपैकी एक तरी तरुण मुलगी असावी. आपल्या मुली आज महाविद्यालयात संगणक शिकत आहेत. त्यांचे शिक्षण घराच्या चार भिंतींत अडकून राहू नये.

तिसरी सूचना, जिला मी सर्वांत अधिक महत्त्व देतो, ती अशी. ज्यांच्याजवळ मोबाइल नाही, किंवा आहे पण वाचता येत नाही, त्यांच्यासाठी शुक्रवारी आणि रविवारी एक तास कचेरीचे दार उघडे असावे. एका स्वयंसेवकाने बसावे आणि येईल त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवावे. देशाच्या संसदेने २००५ साली माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. त्याच्या चौथ्याच कलमात सरकारी कचेऱ्यांनी आपले कागद सूचीसह नीट लावून ठेवावेत आणि पुष्कळशी माहिती कोणी न मागता आपण होऊन प्रसिद्ध करावी, असे सांगितले आहे. आपण सरकार नाही. तरीही सरकारवर घातलेले बंधन आपण राजीखुशीने स्वतःवर घातले, तर त्यात आपलीच शोभा वाढेल.

यातील कोणत्याही सूचनेला मोठा पैसा लागत नाही. लागते ती चिकाटी. कणगी एका दिवसात विणून होत नाही आणि विणली तरी दरवर्षी शेणामातीने सारवावी लागते. पण ज्या घरी ती असते, त्या घरी श्रावणातही चूल थंड पडत नाही. ज्या मुलीची मी गोष्ट सांगितली, तशी दुसरी मुलगी पुढल्या वर्षी आपल्या मोहल्ल्यात किंवा शेजारच्या पाड्यावर असेल. तिच्या बापाने या कचेरीत यावे, वहीचे पान उलटावे आणि तारीख टळण्याच्या आत अर्ज भरावा, एवढे जरी घडले, तरी या रौप्यमहोत्सवाचे सार्थक झाले असे मी समजेन.

  ही संस्था सुवर्णमहोत्सव पाहो आणि तोवर तिची माहिती-वही पानापानांनी भरत जावो, अशी परवरदिगाराकडे प्रार्थना करून आपली रजा घेतो.